परड्यातल्या विहिरीचं पाणी

ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवाला — देवाला तर मी खोटंच सांगितलंय, तेही चारचौघांत, मोठ्या आवाजात. त्यामुळे त्याच्यापुढे आता तोंड उघडायची सोय राहिलेली नाही. राहिलात तुम्ही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, हे बरंच आहे. ओळखीच्या माणसापुढे बसून हे सांगायला जी छाती लागते, ती माझ्याकडे कधीच नव्हती.

आणि गोष्ट तरी केवढीशी? एक कॉफीचं मशीन. हसाल तुम्ही. मालवणात बंदराजवळच्या वाडीत, होडीवर पोट असलेल्या घरात कॉफीचं मशीन — त्या वेळी आमची सगळी वाडी हसली होती. मीही हसले होते. सर्वांत मोठ्यानं बहुतेक मीच हसले असेन.

मशीन माझ्या धाकट्या दिरानं आणलं. तो जहाजावर नोकरीला होता. आठ-नऊ महिने दर्यावर, मग सुट्टी. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. काळं, तांदळाच्या डब्याएवढं. मागे पाण्याची पारदर्शक टाकी, पुढे बारीक जाळीची वाटी. वाटीत कॉफीची पूड घालायची, खाली कप ठेवायचा, बटण दाबायचं. एका वेळी एकच कप निघायचा. सासूबाई म्हणाल्या, एका कपासाठी एवढा आटापिटा? पण ते मशीन घरच्यांसाठी नव्हतंच. ते सुजातासाठी होतं. सुजाता म्हणजे दिराची बायको, माझी धाकटी जाऊ.

सुजाता कणकवलीची. कॉलेजात गेलेली. मी सातवीनंतर शाळा सोडली आणि लग्न होईपर्यंत आईबरोबर मासळी बाजारात बसले, हेही सांगून ठेवते, पुढे लागेल. सुजातानं घरात आल्यावर वर्षभरातच मागच्या दोन खोल्या मागितल्या. त्यांत आमची जाळी, जाळ्यांना बांधायची तरंगती बोयरी, जुनी इंजिनं असायची. मालवणात तेव्हा पर्यटक वाढू लागले होते, किल्ला बघायला यायचे आणि राहायला घरगुती जागा विचारायचे. तिला त्या खोल्यांत पाहुणे ठेवायचे होते. सासूबाईंना ते पटत नव्हतं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, “एक हंगाम बघतंय. नाय जमला तर खोल्येत परत जाळी.”

म्हणजे सगळं त्या एका हंगामावर होतं. जमलं तर सुजाताचं घरात काहीतरी स्वतःचं होणार होतं. नाही जमलं तर ती माझ्यासारखीच — कळशी, चूल, मासळी आणि सासूबाईंची हाक. हे मला माहीत होतं. अगदी पक्कं माहीत होतं. मागून कोणी म्हणेल, हिला कल्पना नसेल. तर होती.

आणि तिचं जमतही होतं. पाहुण्यांशी ती शुद्ध बोलायची, आमच्याशी मालवणीत. सकाळी पडवीत टेबल मांडून एकेकाला विचारून कॉफी द्यायची — कडक की हलकी, दूध किती, साखर किती. पुण्या-मुंबईची माणसं त्या मशीनकडे बघून चकित व्हायची. इथं मशीनची कॉफी! मी आत घावणे काढत असायचे. घावण्यांनाही लोक चांगलं म्हणायचे, नाही असं नाही. पण घावण्यांना आत, कॉफीला समोर. कळतंय ना मी काय म्हणते ते?

सुजाता त्या मशीनची उस्तवार करायची ती बघण्यासारखी होती. प्रत्येक कपानंतर जाळीची वाटी काढून, चोथा माडाच्या मुळाशी टाकून, ती धुऊन उपडी घालायची. कप ठेवायची खालची ताटली दिवसातून दोनदा घासायची. पाणी जिथून पडतं ते भोक दाभणानं हलकेच मोकळं करायची. आणि मग — इथंच माझं दुखणं — वाटी रिकामी ठेवून मशीनमधून एक कप नुसतं गरम पाणी काढायची आणि ओतून द्यायची. आतली नळी साफ राहते म्हणे. महिन्याकाठी टाकीत शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि पाणी निम्मं-निम्मं घालून मशीन चालवायची, थोडं थांबायची, आणि मग साध्या पाण्याच्या टाक्यांवर टाक्या सोडायची, वास जाईपर्यंत. शिरका आमच्या शेजारच्या ख्रिस्ती बाईकडचा, माडाच्या सुरेचा. सगळ्या वाडीत तोच चालतो.

हे सगळं पाणी गोडं लागायचं. आणि गोडं पाणी कोण आणायचं?

आमच्या परड्यात, घराच्या मागे, विहीर आहे, पण दर्या हाकेच्या अंतरावर. शिमगा झाला की तिचं पाणी मचूळ होतं आणि वैशाखात तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. भांडी-धुणी त्याच्यावर, पिण्याचं पाणी वरच्या वाडीतल्या विहिरीचं. नळ होता, पण त्याला पाणी येईल त्या दिवशी. वरच्या विहिरीपर्यंत वाळू तुडवत जायचं, मग जांभ्याच्या पायऱ्या, मग रांग, आणि भरल्या कळशा घेऊन तेच सगळं उलटं. लग्न झाल्यापासून ते काम माझं. सुजाता आल्यावर ते वाटून घ्यायला हवं होतं ना? तिनं विचारलंही होतं. सासूबाई म्हणाल्या, तिका पाव्हण्यांचा बघू दे. झालं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं — आणि त्या घोड्यालाही पाणी मीच पाजायचं.

माझ्या कमरेवरून आलेलं पाणी ती गरम करून मोरीत ओतायची. रोज. हसतमुखानं. मी ते ओतल्याचा आवाज स्वयंपाकघरातून ऐकायचे.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. म्हणजे — सांगतेच आहे, नाही का? बघा, अजून माझी खोड जात नाही.

सकाळी टाकी भरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. सुजातानंच दिलं होतं, मोठ्या विश्वासानं. टाकी कशी काढायची, पाणी फडक्यातून गाळून कसं घालायचं, खूण कुठं आहे, सगळं शिकवलं होतं. आणि शिमग्यानंतरच्या एका सकाळी दारात आल्यावर माझ्या हातातली कळशी लवंडली. सगळं पाणी अंगणात. परत पायऱ्या चढायचा मला कंटाळा आला. पिण्यापुरती एक कळशी शाबूत होती. मी परड्यात गेले, तांब्याभर पाणी शेंदलं आणि टाकी भरली. फडक्यातून गाळलंसुद्धा. तेवढी मी टापटिपीची.

पहिल्या दिवशी तो आळस होता, असं म्हणू. दुसऱ्या दिवशी कळशी लवंडली नव्हती. दुसऱ्या दिवशी काय होतं?

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कळशा भरून आणल्या, चुलीशेजारी ठेवल्या, फडकं टाकलं आणि टाकी घेऊन परड्यात गेले. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच. कोणाला कळणार होतं? टाकीत दोन्ही पाणी सारखंच दिसतं. सुजाता स्वतः कॉफी पीत नव्हती, ती चहाची. कॉफीच्या कडवटपणात पाण्याची चव बुडून जाते, वर दूध-साखर. मला वाटलं असेल की याने काही होणार नाही, नुसतंच माझ्या मनाला थंडावा. नाही — असं वाटलं नव्हतं. मी बाजारात वाढलेली बाई. खारं पाणी लोखंडाचं काय करतं, हे मला कोणी शिकवायला हवं होतं? आमच्या होडीचं इंजिन दर मोसमाला कशानं खातं, ते मी डोळ्यांनी बघत आले होते.

काही दिवसांनी एका पाहुणीनं सुजाताला हळूच विचारलं, कॉफी जरा मचूळ लागते का हो? सुजाताचा चेहरा एवढासा झाला. ती आत आली, टाकी काढली, धुतली, वाटी धुतली, ताटली धुतली. मी तव्यावरचा घावणा उलटत होते. आणि मला आनंद झाला. तो शब्द बदलून मला दुसरा कोणता लिहिता येत नाही. आनंदच झाला.

त्यानंतर मशीन कुरकुरू लागलं. कप भरायला वेळ लावायचं, मध्येच थुंकल्यासारखं करायचं. सुजाताला वाटलं आपलं साफ करणं कमी पडतंय. महिन्याचा शिरका तिनं आठवड्यावर आणला. मग दोन-तीन दिवसांवर. निम्म्याऐवजी जास्त. शिरक्यानं नळी मोकळी व्हायची, मशीन सुधारायचं, ती खूश व्हायची — आणि दुसऱ्या दिवशी मी परत परड्यातलं पाणी भरायचे. ती पुसायची आणि मी घाण करायचे, असा तो आमचा दोघींचा संसार चालला होता. फक्त तिला वाटायचं की ती एकटीच आहे.

माझ्या नवऱ्यानं तिला एकदा सांगितलंही, सारखा सारखा शिरका घालू नको. तिनं ऐकलं नाही. ऐकणार कशी? न घातला तर मशीन थांबायचं.

मे महिन्यात, दोन्ही खोल्या भरलेल्या असताना, एका सकाळी मशीन गेलं. पडवीत पाहुणे बसलेले, सुजातानं बटण दाबलं, आत घरघर झाली, खालून पाणी गळालं, जळका वास आला आणि सगळं बंद. पाहुण्यांनी समजून घेतलं, चहा चालेल म्हणाले. सासूबाईंनी मात्र दारातून सगळं बघितलं होतं.

दुपारी माझ्या नवऱ्यानं मशीन उघडलं. होडीचं इंजिन उघडणारा माणूस, त्याला ते खेळणंच. आतल्या नळीत पांढरं कडक कवच बसलेलं, दर्यातल्या खडपावर कालवांचे शिंपले धरतात तसं. तो म्हणाला, “ह्याच्यात खार बसलो. परड्यातला पाणी घालीत होतास काय?”

आम्ही दोघी तिथंच होतो. मी तोंड उघडायच्या आत सुजाता बोलली. ठामपणे, थोडी दुखावूनच. “नाय दादा. वयनी वरसून हाडतत, ताच गोडा पाणी. दुसरा थेंब नाय घातला.”

तिनं माझी बाजू घेतली. मला कोणी विचारलंही नव्हतं. माझ्या कळशीवर कोणी संशय घेऊ नये म्हणून ती बोलली. मी काय केलं? पदराला हात पुसले.

नवऱ्यानं परत आत बघितलं. खालचं रबर हातात धरलं तर ते ओल्या पापडासारखं सुटलं. “मगे ह्या शिरक्याचाच काम,” तो म्हणाला. “रबर सगळा खाल्ल्यान.” सासूबाई मान हलवत म्हणाल्या, मी सांगत होते, तो सांगत होता, हिनं कोणाचं ऐकलं? झालं, निकाल लागला. करून सवरून मी नामानिराळी.

इथंच थांबलं असतं तरी एक वेळ... पण आमच्याकडे एवढ्यावर थांबत नाहीत. आमच्या घरात नवी होडी, नवं जाळं, मोटरसायकल, काहीही आलं की आधी राखणदाराला नारळ ठेवून सांगतात. राखणदार म्हणजे जागेची राखण करणारा देव. त्याला न विचारता घरात काही आणलं तर तो ते टिकू देत नाही, असं आम्ही मानतो. सुजातानं मशीनला नारळ ठेवला नव्हता. कॉफीच्या मशीनला कसला नारळ, म्हणून हसली होती. सासूबाईंनी ते हसणं लक्षात ठेवलं होतं. त्यांनी चुलत सासऱ्यांना बोलावलं आणि माडाखालच्या राखणदाराच्या दगडापाशी सगळ्यांना उभं करून गाऱ्हाणं घातलं.

तुम्ही गाऱ्हाणं ऐकलं नसेल तर सांगते. एक जाणता माणूस देवाला साकडं घालतो, आणि प्रत्येक वाक्याला घरची सगळी माणसं “व्हय म्हाराजा” म्हणतात. म्हणजे आम्हा सगळ्यांचं हेच म्हणणं आहे, सगळ्यांची साक्ष आहे. चुलत सासऱ्यांनी आधी सुजाताची चूक पदरात घ्यायला सांगितलं. तिला न कळून झालं, लेकरू आहे. आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. सुजातानंही म्हटलं, मान खाली घालून. मग ते म्हणाले, “आणि कोणी वायट मनान काय केल्यान असात, तर तेचा काय ता तूच बघून घे रे म्हाराजा.”

मी “व्हय म्हाराजा” म्हटलं. पुटपुटले नाही. खणखणीत म्हटलं. शेजारी उभ्या असलेल्या सुजाताच्या आवाजापेक्षा माझा आवाज मोठा होता. त्यानं अजून काही बघून घेतलेलं नाही. माझं सगळं चांगलं चाललंय.

पण तेही माझं खरं पाप नव्हे. इतका वेळ मी मशीन, पाणी, देव असं गोल गोल फिरतेय, कारण पुढचं सांगायचं टाळतेय.

दोन दिवसांनी मी परड्यात भांडी घासत होते. सुजाता येऊन बाजूला बसली. रडत नव्हती. दिराचा जहाजावरून फोन आला होता, तो तिला काय बोलला असेल ते असेल. ती माझ्या हातातलं भांडं विसळायला घेत म्हणाली, “वयनी, खरा सांगा. माझ्याच हातान झाला मा?”

विचार करा. तिला खात्री नव्हती. गाऱ्हाणं झालं, सासू बोलली, नवरा बोलला, रबर सगळ्यांनी बघितलं, तरी तिच्या मनात कुठंतरी होतं की मी काही चुकले नव्हते, मी तर नीट करत होते. तेवढीच जागा तिच्यात शिल्लक होती. ती घेऊन ती माझ्याकडे आली. सबंध घरात तिला मीच विचारण्यासारखी वाटले. मी नुसतं “काय माहीत” म्हटलं असतं तरी चाललं असतं. खरं सांगायची हिंमत नव्हती, ठीक. पण गप्प बसायला काय हिंमत लागते?

मी म्हटलं, “तुझ्याच हातान झाला गो. जावंदे आता.”

आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. ओल्या, राखेच्या हातानं.

त्यानंतर सुजाता बदलली. दाखवण्यासारखं काही झालं नाही, पण ती विचारू लागली. मीठ घालू का, गॅस मोठा करू का, मिक्सर तुम्हीच लावता का. मिक्सरला हात लावायचा झाला की ती मला हाक मारायची. पावसाळ्यानंतर खोल्या उघडायची वेळ आली तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, मला नाही जमणार. सासूबाईंनी मात्र जाळी परत भरली नाहीत. तोवर पाहुण्यांची त्यांनाही सवय लागली होती. त्या म्हणाल्या, थोरलीच्या हाताला बरकत आहे, ती बघेल. मी नको नको म्हटलं. दोनदाच म्हटलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो कसा असतो, हे बघायचं असेल तर आमच्या घरी या, राहायची उत्तम सोय आहे. कॉफी मी पातेल्यात करते, वरच्या विहिरीच्या पाण्यात. लोक नावाजतात.

पुढे सुजाताला मुलगी झाली. मग दिरानं कणकवलीला फ्लॅट घेतला आणि सुजाता मुलीला घेऊन तिकडं राहायला गेली. वाईट काही चाललेलं नाही तिचं. नवरा पैसे पाठवतो, मुलगी शाळेत जाते. मी गणपतीला, दिवाळीला जाऊन येते. ती माझं फार करते.

दोन हजार दहाच्या दिवाळीत गेले होते, तेव्हा तिच्या मोरीशेजारी नवीन धुण्याचं मशीन होतं. वरून चादर घातलेली. दुकानाचा माणूस नळाला जोडून, चालवून दाखवून गेला होता, त्याला महिना होऊन गेला असेल. सुजाता बाजूला बसून हातानंच कपडे धूत होती. मी विचारलं, हे काय? ती हसून म्हणाली, “तुमचीच वाट बघी होतंय, वयनी. माझ्या हाताक मशीन लाभणा नाय. तुमी लावा.”

तिनं चादर काढली, मशीन फडक्यानं पुसलं, कपडे आत घातले आणि बाजूला झाली. तेव्हा तरी सांगता आलं असतं. घरात तिसरं मोठं माणूस नव्हतं. सासूबाई वारल्या होत्या, खोल्या माझ्या नावावर पक्क्या झाल्या होत्या, माझं कोणी काही काढून घेणार नव्हतं. नुसतं एक वाक्य. मी ते मनात जुळवलंसुद्धा.

तिची मुलगी तिथंच उभी होती. पाचेक वर्षांची, चुणचुणीत. ती पुढे आली आणि तिनं बटणाकडे बोट नेलं. सुजातानं तिचा हात हलकेच धरला. “तू नको गो बाय,” ती म्हणाली. “तुझो हात माझ्यावर गेलो.”

पोरीनं स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि तो मागे घेतला. मी पुढे होऊन बटण दाबलं.